भाचीचा डिफेन्स आणि माझे पेढे

भाचीच्या पीएचडीचा निकाल लागायच्या आधीच मी तिच्या परीक्षकांना पेढे वाटले. मूर्खपणा माझा, पण पोरगीही साधी नव्हे. तिच्याएवढा मक्तेदारीचा हाडवैरी आमच्या घराण्यात झाला नाही, आणि अख्ख्या न्यू जर्सीतही नसावा.

समाजवाद गेल्यावर बल्गेरियातल्या सरकारी डेअऱ्या विकल्या, तेव्हा खरंच स्पर्धा आली की नुसती डब्यांवरची नावं बदलली, हा तिचा विषय. त्यासाठी ती तिथल्या भाषेत भांडायलासुद्धा शिकली. शनिवारी मी तिला पिस्कॅटवेत किराण्याला नेई, तर ही दह्याचे डबे उलटे करून पत्ते वाचत बसे आणि अनोळखी काकूंना सांगे, "नावं तीन, फॅक्टरी एकच. कुठलंही घ्या." मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, श्रीखंड एका काकूंचं, पुरणपोळ्या दुसऱ्यांच्या, असा वर्षानुवर्षांचा न बोललेला करार होता. हा सरळसरळ बाजार वाटून घेण्याचा प्रकार आहे म्हणत ही स्वतःचं श्रीखंड घेऊन हजर. काकूंनी अबोला धरला, पण पुढच्या पाडव्याला त्यांच्या श्रीखंडात चक्क केशर दिसलं. "बघ मामा," ती म्हणाली, "त्या डेअऱ्यांचंही असंच व्हायला हवं होतं."

डिफेन्सला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, मी पहिल्या रांगेत. परीक्षकांच्या कमिटीतल्या एका बाईंचं बालपण बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, दुधाच्या रांगेत गेलेलं. त्यांनी भाचीला सोलून काढलं. मक्तेदारीविरुद्ध कायदा आला म्हणजे स्पर्धा आली, हे तुला कुणी सांगितलं, असं विचारलं. भाची शांतपणे म्हणाली, "कुणीच नाही. म्हणून तर मी गावोगावी जाऊन दही विकत घेतलं." माझी छाती शर्टात मावेना. मग कमिटीने आम्हाला बाहेर काढून दार लावलं. मला वाटलं, झालं, पोरगी पास. दार ढकलून मी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला आणि बाहेर येऊन तिला ते अभिमानाने सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मामा, ते आत्ता ठरवतायत."

इतक्या वर्षांची तिची मेहनत माझ्या पेढ्यांत बुडणार, या धास्तीने मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अखेर दार उघडलं. बाईंनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. त्यांचा पेढा टिश्यूत तसाच होता. "आता खायला हरकत नाही," म्हणाल्या आणि तोंडात टाकला.

महिन्याभरात ती नोकरीसाठी सोफियाला जाणार. गाडीत मी रुमाल शोधत म्हणालो, की आता शनिवारी किराण्याला कुणाला नेऊ. तिने टिश्यू पुढे केला.

"मामा, अमेरिकेत मला मामा तू एकटाच. दुसरा एखादा असता ना, तर तू केव्हाच सुधारला असतास."