गाड्यांखालचे आठ डबे

१२ जानेवारीची सकाळ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून प्लास्टिकच्या आठ डब्यांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसत होते. विद्यार्थ्यांच्या हाती दिलं की आतल्या तारा तुटतात, म्हणून हे काम माझंच.

हे डबे म्हणजे छोटी बिनतारी यंत्रं, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांखाली बांधायची. रेंज नसलेल्या फडातून निघालेला निरोप एका गाडीवरून दुसरीवर असा करत कारखान्याच्या गेटपर्यंत पोचायला हवा. माझ्या पीएच.डी.चा विषय एवढाच, की दोन वाटा कायम हाताशी ठेवायच्या. एक तुटली की निरोप दुसरीने न्यायचा. संगणकावर सात वर्षं हे नीट चाललं. फडात मात्र बहुतेक रोज चारच्या सुमाराला दोन्ही वाटा एकदमच तुटत होत्या. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपणार होती. मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, “ज्या दिवशी चाललं तेवढेच दिवस घ्या आणि प्रबंध बांधून टाका. दमलात ना आता?”

दमले होतेच. तरी दुपारी फडावर गेले. मोळ्या बांधणारी पाथर्डीकडची बाई मला बघून ओरडली, “आल्या डबेवाल्या मॅडम! डबा बांधल्यापून माजी बैलं फोन आल्यागत कान टवकारत्यात.”

“रोज चारच्या सुमाराला काय होतं गं इथं?”

“काय हुनार? गाड्या निगत्यात.”

“सगळ्या एकदम?”

“मंग! पुलापाशी चढ हाय. एकाचं चाक रुतलं की दुसऱ्याची बैलं लावून वडायची. एकटा गेला त्यो तितंच ऱ्हातो. येवढं शिकल्या तुमी, आदी इचारायचं न्हाई व्हय?”

बाकीच्या बायका हसल्या. मी विचारलं, मग गेल्या आठवड्यात दोन दिवस वेगळं काय होतं? एकीचा बैल लंगडत होता, म्हणून टोळी फुटून गाड्या मागंपुढं निघाल्या होत्या. निरोप पोचल्याचे माझे दोन दिवस तेच.

संगणकावरच्या माझ्या गाड्या मनाला येईल तिकडे फिरायच्या. इतरांच्या शोधनिबंधांत तसंच गृहीत धरलेलं, मीही धरलं. इथे आठही गाड्या एका रांगेत पुढे सरकतात, मागे फडापासून त्यांच्यापर्यंत निरोप न्यायला डबाच उरत नाही. दोन वाटा फक्त कागदावर होत्या. लंगड्या बैलाच्या दोन दिवसांवर प्रबंध बांधला असता तर कोणाला कळलंही नसतं. घरी जाऊन मी काही न खाता झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोळ्या लाटून झाल्यावर सरांना लिहिलं: दोन वाटांचं चौथं प्रकरण मागे घेते. गाड्या एकत्र चालतात असं धरून पुन्हा मांडावं लागेल, मुदतीत होणार नाही. नोंदणी रद्द झाली तर नव्याने अर्ज करीन. पाठवलं, आणि साडेआठच्या तासाला निघाले.