भिंतीवर हात फिरवणारे साडूभाऊ

जगात जे काही बिघडतं ते नीट न वाळल्यामुळे बिघडतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो माझा साडू आहे. संसार, सरकार, शेजारपाजार, कशाचाही विषय निघो, साडूभाऊ शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "घाई केली. आतून जुळायच्या आधीच वाळलं ते." लातूरच्या एमआयडीसीत त्यांचा भिंतीचे रंग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. रंग पाण्यातला, म्हणजे ज्यात टर्पेंटाइन लागत नाही तो. त्यात एक बिनरंगी, तेलकट द्रव बेतानं घालावा लागतो. ड्रमवर त्याचं नाव कोअलेसिंग सॉल्व्हंट असं असतं, पण पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळत तसे साडूभाऊ ते नाव टाळतात आणि नुसतं 'ते' म्हणतात. "आज 'ते' आलं न्हाई, काम बंद हाय," असं त्यांनी फोनवर सांगितलं, की ऐकणाऱ्याला घरातलं कुणी वडीलधारं यायचं राहिलंय असं वाटतं.

मी नांदेडहून लातूरला गेलो की 'ते' काय करतं हे दर खेपेला नव्यानं ऐकतो. "रंगात राळेचे बारीक कण पाण्यात पोहून राहिलेत बघा. भिंतीवरचं पाणी उडालं की त्यांनी एकमेकाला मिठी मारायची, मंग एकसंध पापुद्रा होतो. पण कण लई ताठ. थंडीत तर जास्तच. 'ते' त्यांला जरा मऊ करतं, जुळवून देतं, अन् काम झालं की हळूच निघून जातं. मानपान मागत न्हाई." ते कमी पडलं तर भिंत हाताला पिठासारखी लागते, जास्त झालं तर चिकट राहते. कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात साडूभाऊंनी स्वतःच्या बैठकीला ते अंमळ सढळ हातानं घातलेला रंग दिला होता. त्या भिंतीला टेकून बसलेले पाहुणे उठताना जरा जोर लावून उठत, आणि साडूभाऊ त्यांना म्हणत, "सावकाश. अजून निघून राहिलंय ते."

तेव्हापासून कुठंही गेले की ते आधी भिंतीवर तळहात फिरवतात आणि मग तो उजेडात धरून बघतात. माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही निलंग्याला गेलो होतो. मुलाचे वडील शेतीचं सांगत असताना साडूभाऊ उठले, भिंत चोळली, पांढरा झालेला हात सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "थंडीत मारला वाटतं." स्थळ मोडलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अजून वाटतं.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. 'ते' विष नाही, पण डोळ्याला वाईट, म्हणून हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेत. खोली मोकळ्या हवेची हवी, विस्तव लांब हवा, झाकण घट्ट हवं. हे नियम कारखान्यापुरते असते तर प्रश्न नव्हता. पण साडूभाऊंच्या स्वयंपाकघरातल्या माठावरही 'पाणी (पिण्याचे)' अशी चिठ्ठी आहे. आमच्या घरी थंड पेयाच्या बाटलीत खोबरेल तेल भरलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी ती बाटली माझ्या बायकोसमोर धरली. "वर लिवलंय काय अन् आत हाय काय? उद्या कुणी ह्यात 'ते' भरलं अन् पाहुण्यानं पिलं, तर?" आमच्याकडं 'ते' कुठून येणार, असं ती म्हणाली. यावर त्यांनी तिच्याकडं फार काळजीनं पाहिलं.

एवढं सगळ्या जगाला सांगणारा हा माणूस सख्ख्या थोरल्या भावाशी मात्र कैक वर्षं बोलत नव्हता. या अण्णांचं उदगीरला वडिलोपार्जित दुकान, तेलाच्या रंगांचं. धाकट्यानं पाण्याचा रंग काढला तेव्हा अण्णा भर लग्नात म्हणाले, "आमचा भाऊ रंगीत पाणी विकून राहिलाय." लोक हसले. तेव्हापासून दोघांमधला व्यवहार बायकांमार्फत चाले.

मागच्या खंडेनवमीला त्यांच्या अव्वानं, म्हणजे आईनं, हट्ट धरला, की धाकट्याच्या कारखान्यातली पूजा बघायची आणि अण्णानंच तिथं न्यायचं. अण्णा आले. मीही होतो. आत विस्तव नको म्हणून साडूभाऊंनी देव, कापूर आणि पूजा सांगणारे जंगम या तिघांनाही फाटकाबाहेर रस्त्यावर बसवलं होतं. जंगमांनी नाराजी दाखवली, तर म्हणाले, "देवाला चालतंय. ड्रमला चालत न्हाई." पूजेनंतर अण्णा आत शिरले. कामगारानं पुढं केलेला चष्मा त्यांनी हातानं बाजूला सारला आणि भावाकडं न बघता त्या कामगारालाच विचारलं, "हेच का ते रंगीत पाण्यातलं पाणी?" ड्रमशेजारचा 'ते' भरलेला डबा उचलून त्यांनी झाकण ओढलं. झाकण घट्टच होतं. त्यांनी हिसका दिला, आणि उडालेलं 'ते' थेट डोळ्यात गेलं.

अण्णा ओरडायच्या आत साडूभाऊंनी त्यांची मान धरली, ओढत नळाखाली नेली आणि पाणी सोडलं. "डोळा उघड अण्णा! मिटू नको!" अण्णा हातपाय झाडत होते. "सोड की रे! मरून राहिलो मी!" "न्हाई मरत. पाव तास उघडा ठेव!" अव्वाला लांबून एवढंच दिसलं, की एवढ्या वर्षांनी धाकट्यानं थोरल्याला धरलंय. ती काठी टेकत ओरडत आली, "मारू नको रे त्याला! चुकलं त्याचं, पर मारू नको!" पाव तास होईतो साडूभाऊंनी कुणाचंही ऐकलं नाही. मग सांडलेल्यावर वाळू टाका, गटारात ढकलू नका, असं कामगारांना सांगून ते अण्णांना घेऊन गाडीत बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांना आत घेतलं. बाहेरच्या बाकावर साडूभाऊ ओल्या सदऱ्यानं बसले होते. समोर भिंत होती, पण त्यांनी हात लावला नाही. स्वतःच्या तळहाताकडं बघत म्हणाले, "केस राहिलेच न्हाईत हो अण्णाला. धरायला गेलो तर नुसतं डोकंच हाताला आलं. म्हातारा झाला की हा. कवा झाला?"

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं म्हणून डोळा वाचला. आम्ही उदगीरला निघालो. गाडी मी चालवत होतो. मागं दोघांच्या मध्ये अव्वा बसली होती, ती लगेच झोपली. नळेगाव मागं पडलं. मग पट्टी बांधलेल्या अण्णांनी घसा साफ केला.

"ते डोळ्यात गेलं ते, नेमकं करतं काय रे रंगात?"

मी आरशातून पाहिलं.  साडूभाऊ खिडकीबाहेरच्या सोयाबीनच्या रानांकडं बघत सावकाश म्हणाले, "राळेचे कण लई ताठ असतेत बघ, अण्णा." अण्णांनीही घाई केली नाही.