पडवी छापून आली

धाकटा भाऊ लंडनला शिकायला गेला, तेव्हा आमच्या वस्तीत चौथी शिकलेली बाई मी एकटीच. त्याच्या मुंबईच्या कॉलेजचा माजी विद्यार्थ्यांचा अंक दरवर्षी टपालाने पनवेलला आमच्या घरी येई. एका वर्षी अंकवाल्यांनी लेख त्याच्याकडेच मागितला. त्याने घरी कळवले की लेखात दोन गोष्टी घातल्या आहेत. काळा म्हणून लंडनच्या घरमालकिणीने तोंडावर दार लावले, ती एक. आणि आपल्या जातीमुळे कॉलेजच्या खानावळीत त्याला आत बसू देत नसत, बाहेर पडवीत ताट सरकवत, ती दुसरी.

अंक आला त्या दिवशी सगळी वस्ती आमच्या अंगणात. भावाचा सुटाबुटातला फोटो होता. आईने तो पदराने पुसला. मी मोठ्याने वाचत होते. घरमालकिणीला चुलत्याने अशा शिव्या घातल्या की लंडनपर्यंत पोचल्या असतील. सगळे हसत होते. मग लेख संपला.

"आन् पडवी?" आईने विचारले.

मी पान उलटले. पुढे साबणाची जाहिरात.

"पडवी नाय."

"गोरीचं छापलं आन् कालेजानं सोताचं गिळलं व्हय," आई म्हणाली.

चुलता म्हणाला, फोटो आला ना, आता गप बसा, पोराला उद्या नोकरी लागायची आहे. आईने ऐकले नाही. तिने पोस्टकार्ड आणून माझ्यापुढे टाकले. मी कॉलेजला लिहिले की भावाच्या लेखातली पडवी छापायची राहिली आहे, ती पुढच्या अंकात घालावी. उत्तर आले नाही. वर्षभर आई पोस्टमनची वाट अडवत होती.

पुढचा अंक मी दारातच फाडून उघडला. फोटो नाही, काही नाही. अगदी शेवटी बारीक अक्षरांत लिहिले होते, 'मागील अंकात राहिलेला मजकूर'. त्याखाली पडवी. सगळी. ताट सरकवणारा आचारीसुद्धा. मी अशी ओरडले की आई तव्यावरची भाकरी टाकून धावली. भाकरी जळाली. वाचून वाचून माझा घसा बसला, तरी तिचे 'परत वाच' चालूच.

गप बसा म्हणणारा चुलता आता अंक घेऊन बाजाराकडे सुटला. मी त्याच्या मागे. बाजारातला न्हावी आमच्या लोकांचे केस कापत नसे, दुकानाच्या बाकावरही टेकू देत नसे. चुलत्याने रस्त्यातूनच अंक बाकावर टाकला आणि सांगितले की पोराचे छापून आले आहे, कुणीतरी वाचा. शाळेतले एक मास्तर दाढी करायला बसले होते. गालाला फेस तसाच ठेवून ते कौतुकाने वाचू लागले. वाचता वाचता आचाऱ्यापाशी आले तसा त्यांचा आवाज बारीक झाला.

"मोठ्यांदा वाचा, मास्तर," चुलता म्हणाला. "आमी लांब उभे हाव."