केळ्याची बराखा

आम्हाला धर्म शिकवला तो आईने, भाजीच्या पिशवीतून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, भोसरीत राहणारे. प्रार्थनेला पुण्याला जावं लागे, मंडई मात्र हाकेच्या अंतरावर. शास्त्रातली सात पिकं ती बोटांवर म्हणवून घ्यायची: गहू, सातू, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून, खजूर. त्यातलं जैतून, म्हणजे ऑलिव्ह, कधी मिळालं नाही, म्हणून ती मंडईवर कायम नाराज. घास तोंडात घालण्याआधी त्याची बराखा, म्हणजे देवाच्या आभाराची ओळ, म्हणायची. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतल्याची वेगळी. "आणि केळं?" असं विचारून ती आम्हाला हमखास पकडायची. केळ्याची बराखा जमिनीची, कारण केळ हे झाडच नव्हे. एकदा घड दिला की संपली.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ती माझ्याकडेच होती. माझी रजाही संपत आली होती. एके संध्याकाळी धाकटा भाऊ चाकणहून शिफ्ट संपवून आला, तो ठरवूनच. उद्या सकाळी आईला वृद्धाश्रमात न्यायचं, गाडी सांगून ठेवलीय.

"ताई, तिला काही कळत नाही गं. पुढ्यात येईल त्याला तोंड उघडते, बस्स."

मला त्याचा संताप आला. त्याचं खरं होतं याचा त्याहून जास्त आला. ती कशालाही तोंड उघडायची. औषधाला, भाताला, रिकाम्या चमच्यालासुद्धा.

त्या दिवशी झाडांचं नवं वर्ष होतं, आमचा फळांचा सण. मी मलिद्याचं ताट मांडलं होतं: गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, भोवती फळं. बराखा खरं तर भावाने म्हणायच्या. तो म्हणाला, "तूच म्हण, माझं मन नाही." मग मी रागारागात उरकायला लागले. झाडाच्या फळाची बराखा म्हटली, खजूर पुढे केला. आईने तोंड उघडलं. डाळिंबाचे दाणे, उघडलं. भावाने मान फिरवली. मी केळ्याची फोड पुढे केली.

तोंड बंद.

ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. "आई, आ कर." नाही.

"पुन्हा झटका आलाय," म्हणत भावाने दवाखान्याला फोन लावला. आई माझ्याकडे रोखून बघत होती. मग तिची नजर खाली, माझ्या हातातल्या फोडीवर गेली. पुन्हा माझ्यावर. ही नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती.

बराखा! खजुराच्या बराखेवरच मी केळंही उरकत होते.

मी जमिनीच्या फळाची बराखा म्हटली, अडखळत, सगळी. आईने तोंड उघडलं.

भावाच्या हातातल्या फोनवर कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. त्याने तो बंद केला.

"पकडलं तुला तिनं," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. उद्याची गाडी नको, असं गाडीवाल्याला कळवायला तो गॅलरीत गेला. आई पुढच्या फोडीची वाट बघत होती.