खरवडलेलं कुरण

किर्गिझस्तानातल्या ओशच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऊलकानची थट्टा व्हायची, की या बाईचा जन्म मेंढीच्या आतड्यात गेला. खोटं नव्हतं ते. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, सगळं मेणात बसवायचं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचं, निळ्या-गुलाबी रंगात बुडवायचं आणि काचपट्टीवर चिकटवायचं, हेच तिचं काम. नवरा लवकर गेला. मुलगी जिबेक शाळा सुटली की आईजवळच, सूक्ष्मदर्शकासमोरच्या उंच स्टुलावर.

अन्ननलिका म्हणजे नानची थप्पी आणि जठर म्हणजे नुसते खड्डे, त्यात तिला काही राम वाटत नसे. तिला हवं असायचं लहान आतडं. त्याच्या अस्तरावर बोटांसारखी उभी लव, जेवणातला कस ओढून घेणारी, आणि मधूनमधून फुगीर, चहाच्या वाडग्याच्या आकाराच्या पेशी. आईला ती आपा म्हणे. "आपा, हे आपलं डोंगरावरचं कुरण गं. आणि बघ, कुणीतरी चहा मांडून ठेवलाय." तेव्हापासून घरात त्या पट्टीचं नावच कुरण पडलं.

तीच जिबेक आता मॉस्कोत एका गोदामात खोकी बांधते. लग्न मोडलं, ती गेली, आणि गेली ती गेलीच. फोनवर सगळं छान असतं. फोनवर कुणाचं वाईट असतं? ऊलकान मात्र झुरत होती, सरळ सांगायचं तर. चहा ओतताना दुसरा वाडगा पुढे ओढायची आणि मुकाट्यानं परत सारायची.

ती निवृत्त व्हायची होती. जिबेकला हवी असेल तर तुझी जागा शरद ऋतूपर्यंत धरून ठेवतो, असं विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. जिबेक सुटीवर येणार होती, पण फोनवर ऊलकान याबद्दल चकार शब्द बोलली नाही. सांगितलं तर पोरगी हट्टाला पेटेल, दाखवलं तर विरघळेल, हा तिचा हिशेब. कुरण दाखवायचं. पण जुनी पट्टी विटून पांढरी पडली होती, म्हणजे नवीन करणं आलं.

लेक एवढ्या वर्षांनी येतेय म्हटल्यावर मेंढी कापणार हे ठरलेलंच. बाजारातलं आतडं कामाचं नाही, मेल्यावर घटकाभरात अस्तर सुटायला लागतं. म्हणून ऊलकान फॉर्मालिनची बरणी घेऊन अंगणातच बसली. आतडी साफ करायला दिराची नवी सून अकमारल होती. तिला ऊलकाननं बजावलं, एक तुकडा मला काढून दे, पण धुऊ नकोस, तसाच दे. नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. आता आई काय बरणी कवटाळून बसेल? धावली ती, आणि लेकीला मिठी मारली ती सोडवेना.

अकमारल तरी काय करणार बिचारी. आमच्याकडे नव्या सुनेचं वळण आतड्याच्या पांढरेपणावरून जोखतात. आणि थोरली बाई 'राहू दे, धुऊ नकोस' म्हणते ती रीत म्हणून. ते खरं मानणारी सून आळशी ठरते. पोरीनं सगळी आतडी उलटी केली, मीठ चोळलं, सुरीच्या पाठीनं खरवडली आणि एक लख्ख तुकडा ऊलकानच्या हातावर ठेवला. बायकांनी कौतुक केलं. करायला गेले गणपती नि झाला मारुती. हात सोन्याचे आहेत गं तुझे, एवढंच ऊलकान म्हणाली. एखाद्या कोपऱ्यात लव उरली असेल, या आशेवर तुकडा बरणीत टाकला.

पुढचे दिवस पाहुण्यांत गेले. जो तो मायेनंच विचारत होता, पुन्हा लग्न कधी, मूल कधी, वय का थांबतंय. ऊलकानही मान डोलवायची. जिबेक हसून चहा ओतत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी आई तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली आणि त्या तुकड्याची नवी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. जिबेक त्याच स्टुलावर बसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आपा, कुरण कुठंय?"

"खरवडलं अकमारलनं. चकचकीत करून दिलं मला."

जिबेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आता ऊलकानला राहवेना. जागेचं सगळं तिनं भडाभडा सांगून टाकलं. "राहा ना गं. काम नुसतं निमित्त आहे. मला तू हवीस."

जिबेकनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. खाली खळगे दिसतायत ते काय, तिनं विचारलं. मुळं आहेत, ऊलकान म्हणाली, लव तिथूनच वर येते. जिवंत आतड्यात चार-पाच दिवसांत नवं अस्तर येतं.

"माझंही असंच झालंय, आपा," जिबेक म्हणाली. "इथं सगळे मायेनंच घासतात. तूसुद्धा. तिथं कुणी हात लावत नाही, म्हणून थोडं थोडं उगवतंय."

ऊलकानला आपली डोलणारी मान आठवली. तिनं पट्टी काढली, पुसली, डबीत ठेवली. म्हणाली, "मग उगवू दे."

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ऊलकान चहा ओतताना दुसरा वाडगा अजून पुढे ओढते. आता मात्र तो परत सारत नाही, तिथंच राहू देते.