शुगर फ्री डिटॉक्स आणि नानांचा गुरुवार

कार्डावर चार ओळी होत्या आणि खाली माझ्या सहीची जागा. व्हिटॅमिन सी भरपूर. शरीरातली घाण बाहेर काढतं. पचनाला उत्तम. शुगर फ्री. वर ठळक अक्षरात नाव, 'कोकण डिटॉक्स'. आणि ग्लासात पाच प्रकारची दारू.

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातून दोन दिवस रेवदंड्याजवळच्या एका रिसॉर्टवर बसते. पाहुण्यांचं वजन करायचं, साखर तपासायची, काय खावं ते सांगायचं. याला तिथे 'वेलनेस डेस्क' म्हणतात. डेस्क बारला लागूनच आहे, म्हणजे रोग आणि इलाज एकाच छपराखाली.

हे कॉकटेल मुळात नवं नाही. व्होडका, जिन, पांढरी रम, टकिला आणि संत्र्याच्या सालीची एक गोड दारू, वर लिंबू आणि कोला. रंग चहासारखा दिसतो म्हणून जगभर ते आइस्ड टी या नावाने विकतात. चहा त्यात थेंबभरही नसतो. आमचा बार मॅनेजर रोहन नवी मुंबईचा. त्याने त्यात कोकमाचं आगळ घातलं आणि कोल्याच्या जागी डाएट कोला. झालं आरोग्य.

"रोहन, तीस मिलीचे पाच. पाच पेग झाले एका ग्लासात."

"पण मॅडम, कोकम आहे ना. लोकांना हेल्दी फील पाहिजे."

मी त्याला हिशोब सांगितला. दारूतल्या अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, पिठातल्या पिष्टाच्या जवळपास दुप्पट. हा एक ग्लास म्हणजे तांदळाच्या अडीच-तीन भाकऱ्या. फरक इतकाच की भाकरीने पोट भरतं. यात प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्व नावापुरतं. आणि घाण बाहेर काढण्याचं म्हणाल, तर ते काम यकृत रोज फुकट करतं. त्याच्याच डोक्यावर आपण पाच पेग ओततोय.

मालक प्रशांतशेठ ऐकत उभे होते. पूर्वी त्यांचे उरणला ट्रक होते.

"मॅडम, ट्रकच्या मागं लोक वाट्टेल ते लिवतात. कोन सही मागतो?"

"मग माझी कशाला मागता?"

"ट्रकला डिग्री लागत न्हाय. दारूला लागते."

दोन तास वाद चालला. पहिल्या तीन ओळी मी खोडल्या. चौथी राहिली. संत्र्याच्या दारूत साखर असते, म्हणून ती मी काढायला लावली. रोहनने तिच्या जागी आणखी एक व्होडका घातली. आता ग्लासात साखर खरोखरच नव्हती. ओळ खरी झाली. मी सही केली आणि लढाई जिंकल्यासारखी घरी गेले.

त्याच आठवड्यात मी किचनमधली साखरही बंद करवली. रिसॉर्टने 'डिटॉक्स वीक' जाहीर केला होता ना! निदान बाकी तरी खरं असू दे, असा माझा बाणा.

नव्या पेयाचं उद्घाटन गुरुवारी दुपारी ठेवलं. टेबलावर कोलंबी, सुरमई, कुरकुरीत बोंबील. प्रशांतशेठांचे वडील, नाना, कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. वय सत्तरच्या पुढे. रोज सकाळी मधुमेहाची गोळी घेतात. नाना माझे सगळ्यात आज्ञाधारक पेशंट. मी दिलेला आहाराचा तक्ता घडी करून खिशात बाळगतात. आणि गुरुवार कडक पाळतात. त्या दिवशी मासळी नाही, मटण नाही, दारू तर नाहीच.

त्यांच्या हातात डिटॉक्सचा दुसरा ग्लास होता.

"नाना, आज गुरुवार ना?"

"व्हय बाय. म्हनून तर मावऱ्याला हात न्हाय लावला."

"आणि हे?"

"ही दारू कुठं हाय? औषध हाय. हे बघ." त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "शुगर फ्री. खाली तुझी सही."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"गोळी. आन् बिनसाखरेचा चा. जेवन कार्यक्रम झाल्यावर."

नानांच्या कपाळावर घाम होता, पंखा डोक्यावर असूनही. पुढचं वाक्य बोलताना त्यांची जीभ जड झाली. ग्लास हातातून निसटला.

रोहन हसला. "नानांना लागली!"

"खोलीत झोपवा रे," प्रशांतशेठ म्हणाले. "दोन तासात उतरंल."

"कुणी झोपवायचं नाही," मी ओरडले.

पोट रिकामं असतं तेव्हा यकृत स्वतःच्या साठ्यातली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं. दारू आली की ते आधी दारू निपटायला बसतं आणि साखरेचं काम मागे पडतं. इकडे सकाळची गोळी साखर खाली ढकलतच असते. मग घाम, थरथर, जड जीभ, तोल जाणं. दारू चढलेला माणूसही असाच दिसतो. म्हणून लोक त्याला झोपवतात. काही जण मग उठत नाहीत.

नानांच्या बोटातला थेंब मशीनवर घेतला, आकडा आला चव्वेचाळीस. साखर सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो.

"साखर आणा!"

बारमध्ये फक्त डाएट कोला होता. बुफेवर बिनसाखरेची खीर होती. मी किचनमध्ये धावले. चौलच्या हिराताई चुलीपाशी होत्या.

"साखर तुम्हीच बंद केलीत ना मॅडम?"

"हिराताई, तुमच्या स्वतःच्या चहात काय घालता ते सांगा!"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तांदळाच्या गोणीमागून पत्र्याचा डबा काढला. माझ्या आदेशाचं खरं मोल मला तिथे कळलं.

नाना अजून गिळू शकत होते. त्यांना ताठ बसवून चार चमचे साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले आणि ओठ चाटले.

"हे गोड हाय," ते मला म्हणाले. "तक्त्यात न्हाय."

गोळीचा अंमल तासन् तास टिकतो, म्हणून त्यांना लगेच अलिबागच्या दवाखान्यात नेलं. तिथे संध्याकाळी साखर पुन्हा एकदा घसरली. ग्लुकोजचं सलाईन चालू होतं म्हणून निभावलं. प्रशांतशेठ बाकावर बसून होते.

"मॅडम, त्यांना झोपवलं असतं तं?"

"तर झोपलेच असते."

सही माझी होती.

नंतर मी नवं कार्ड लिहिलं. एका ग्लासात पाच पेग. कॅलरी तीन भाकऱ्यांच्या, पोषण शून्य. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पिऊ नये. रिकाम्या पोटी कुणीच पिऊ नये. रोहन म्हणाला, कोण मागवणार? शनिवारी मुंबईचे चार पाहुणे आले. त्यांनी कार्ड मोठ्याने वाचलं. "एकात पाच? मग दोन दोन आण!" खप वाढला.

शेवटी ते पेय बंद पडलं, ते नानांमुळे. बरे झाल्यावर ते रोज बारसमोर खुर्ची टाकून बसू लागले. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "गोली घेतलीस? सकाळधरनं काय खाल्लंस? घरी कोन कोन हाय?" तिसऱ्या प्रश्नाला लोक लिंबू सरबत मागवत. आठवड्याभरात प्रशांतशेठांनी मेनूतून ते नाव काढलं.

मी मात्र एक शिकले. कार्डावरच्या तीन खोट्या ओळींनी कुणाचं काही बिघडलं नसतं, त्या मी खोडल्या होत्या. माणूस आडवा झाला तो खऱ्या ओळीने. आता सही करण्याआधी मी दोन गोष्टी विचारते: हे वाचणार कोण, आणि तेव्हा त्याच्या पोटात काय असेल. उत्तर ठाऊक नसेल, तर पेन पर्समध्येच राहतं.