तीस दिवसांची मुदत

हर्षालीला त्या दिवशी दोन ठिकाणी हजर राहायचं होतं. दुपारी दीडला स्पेनमधल्या प्राध्यापक बाईंसमोर लॅपटॉपवरून तोंडी परीक्षा, आणि चारला धाराशिवच्या नोंदणी कार्यालयात सही. दोन्हींचा मेळ रणधीरनं, तिच्या थोरल्या भावानं, घातला होता. एका खेपेत दोन कामं उरकली की त्याला फार बरं वाटायचं.

हर्षाली धाराशिवजवळच्या तेर गावची. आई लहानपणीच गेली आणि मथुराआत्यानं दोघांना वाढवलं. पुण्यात वकिली शिकताना ही पोरगी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गाला का जायला लागली, हे तिलाही धड सांगता यायचं नाही. खोलीतली मैत्रीण निघाली होती, पहिला महिना फुकट होता, म्हणून गेली. मैत्रीण महिन्याभरात गळाली, ही तीन वर्षं चिकटून राहिली. पुढे एलएलएमला असताना एक सत्र स्पेनमध्ये, सालामांका नावाच्या गावी, स्पॅनिशमधून कायदा शिकायची संधी आली, तेव्हा तिचे वडील लिंबाजी आडवे आले. "तिकडला कायदा शिकून हिकडं कुनाचा खटला चालवनार हायेस?" हा त्यांचा सवाल, आणि तो काही अगदीच अडाणी नव्हता. रणधीरनं मग बापाशी आठ दिवस अबोला धरला. त्या घरात भांडणं अशीच व्हायची, न बोलता. नवव्या दिवशी लिंबाजी म्हणाले, "जाऊ दे तिला," आणि हर्षाली गेली.

मेच्या अखेरीस लिंबाजी शेतातून आले, पाणी प्यायले आणि गेले. हर्षाली पोचली ती तिसऱ्या दिवशी. तिकडे एकच विषय राहिला होता, तोही नेमका वारसा कायदा. प्राध्यापक बाईंनी घरून परीक्षा द्यायची मुभा दिली. तारीख आली तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची.

तेराव्याच्या पंगतीतच रणधीर हळूच म्हणाला, "उद्या धाराशिवला जायचंच हाय, तर ते हक्कसोडपत्राचंबी उरकून घिऊ. मग तू पुन्याला मोकळी." बहिणीनं बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला लिहून द्यायचा आणि भावानं तिला साडीचोळी करायची, ही तिकडची जुनी रीत. हर्षालीनं मान खाली घालून वरणात बोट फिरवलं. बसलेल्या सगळ्यांनी ते होकारात धरलं.

कायदा तिला चार लोकांना शिकवण्याइतका येत होता. तोंड उघडत नव्हतं ते वेगळ्याच कारणानं. ज्या भावानं आपल्याला परदेशी धाडलं, त्याच्याकडे हिस्सा कोणत्या तोंडानं मागायचा? बत्तीस वर्षांच्या रणधीरला दोन स्थळांनी साडेपाच एकर कमी पडतंय म्हणून नकार दिला होता; त्यातलं निम्मं गेलं तर तिसरं स्थळ दारातही उभं राहणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला माहेर तुटायची भीती वाटत होती. पण मथुराआत्याकडे पाहिलं की दुसरीच भीती वाटायची. आत्यानं चाळीस वर्षांपूर्वी असाच अंगठा दिला होता. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती पाहुणी म्हणून, आणि अजून पाहुणीच होती. चहात साखर घालतानासुद्धा विचारायची.

सकाळी तिघं एसटीनं धाराशिवला आली. नोंदणी कार्यालयाजवळ कृष्णराजचं, रणधीरच्या मित्राचं, झेरॉक्सचं दुकान होतं. मागच्या खोलीत इन्व्हर्टर होता म्हणून परीक्षा तिथं. खोलीत दुसरं कुणी नको, असा बाईंचा नियम. रणधीर दाराबाहेर स्टुलावर बसला. मुंडण केलेल्या डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कागदांची फाईल, हातात साडीची पिशवी. गिऱ्हाईक जरा मोठ्यानं बोललं की तो ओठांवर बोट ठेवायचा.

आत हर्षालीनं लॅपटॉप उघडला. बाईंनी आधी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला लावली, मग प्रश्न सुरू केले. पहिले तीन प्रश्न नीट गेले. चौथ्याला वीज गेली, पंखा थांबला, पडदा क्षणभर गोठला. इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं. बाईंनी विचारलं, "वारस ना हो म्हणतो, ना नाही म्हणतो. अशा वेळी काय?"

हे तिला पाठ होतं. "नोटरी त्याला तीस दिवसांची मुदत देतो. नकार द्यायचा तर स्पष्ट द्यावा लागतो, नोटरीसमोर, लेखी. मुदतीत तो काहीच बोलला नाही, तर त्यानं वारसा स्वीकारला असं धरतात."

बाईंनी चष्मा काढला. "आणि तुमच्याकडे?"

हर्षालीनं सांगितलं, मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

"ते पुस्तकातलं झालं. तुमच्या गावात मुलगी गप्प बसली, तर काय समजतात?"

ती गप्प बसली. दाराच्या फटीतून रणधीरच्या चपलेचा अंगठा दिसत होता. तिकडून बाई दोनदा म्हणाल्या, "ऐकू येतंय का?" त्यांना वाटलं, संपर्क तुटला.

"ऐकू येतंय," हर्षाली शेवटी म्हणाली, स्पॅनिशमध्येच. "आमच्याकडे गप्प बसली तर तिनं सोडलं असं समजतात."

ती बाहेर आली तेव्हा रणधीरचा चेहरा खुलला होता. "आत्या, पाऊन तास बोलली बग. एकडाव अडकली आसंल, बस. मला एक अक्षर कळलं न्हाय, पर लई झ्याक बोलत हुती." त्याच्या तोंडून हे ऐकताना हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता त्यांचा नंबर लागला. आत्या आणि कृष्णराज साक्षीदार. कारकुनानं लेख वाचून दाखवला आणि हर्षालीकडे पाहिलं. "तुमचा सगळा हिस्सा भावाच्या नावे सोडताय. कबूल आहे?"

ती बोलली नाही.

"व्हय, कबूल हाय की," रणधीर म्हणाला.

"तुम्ही नाही. ताईंनी सांगायचं."

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या आपल्या अंगठ्याकडे बघत होती. 'कबूल न्हाय' हे मराठीतलं एक वाक्य काही केल्या वर येईना. मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"दादा," ती म्हणाली, "मला तीस दिवसांची मुदत पायजे."

"मग आज लेख होणार नाही," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढचा नंबर पुकारला.

बाहेर पायऱ्यांवर रणधीरनं तिला गाठलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ती जास्त घाबरली. "तीस दिवसांनी काय व्हनार हाय?"

"सोडावं वाटलं तर मी सोता यिऊन सही करीन. काईच न्हाय बोलले, तर माजा हिस्सा मी ठिवला आसं समज."

"ह्यो कुठला कायदा?"

"आत्ता परीक्षेत सांगून आले त्यो. आपल्यात गप बसलं की सोडलं म्हनतात. एकडाव उलटं धरून बग."

"आन मी? पावनेतीन एकरावर मला कोन पोरगी दील?"

"ठावं हाय मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडताही तिनं शब्द मागे घेतला नाही.

एसटीत तो वेगळ्या बाकावर बसला. साडीची पिशवी आत्याच्या मांडीवर होती. घरी पोचल्यावर आत्यानं चहा टाकला, आणि कुणाला न विचारता त्यात साखर घातली.

हर्षाली पुण्याला गेली. आठवड्यानं निकाल आला, चांगल्या गुणांनी पास. तिनं रणधीरला कळवलं. त्यानं वाचलं, उत्तर दिलं नाही. अबोल्यात त्याचा हात धरणारा त्या घरात कुणी नव्हता. रोज तिच्या मनात यायचं, फोन करावा, सोडते म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं. एकोणतिसाव्या दिवशी तिनं नंबर लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला. जमीन हवी होतीच, पण भाऊ त्याहून जास्त हवा होता, आणि तीस दिवसांच्या मुदतीत दोन्ही बसवायचा कायदा कुठल्याच भाषेत नव्हता.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"काई बोलायचं हाय का तुला?"

तिनं ओठ घट्ट मिटले. पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो बराच वेळ थांबला. ती बोलली नाही.

"बरं," तो म्हणाला. "पाऊस लांबला हिकडं. माज्याकडलं काल पेरलं. नदीकडचा तुजा तुकडा तसाच ठिवलाय. सोयाबीन पेरू का तूर? आता तरी तोंड उघड."